प्रश्न आपला, शोधही आपला

प्रास्ताविक

परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. ओळीने मांडलेली बाके, समोर छापील प्रश्नपत्रिका, भिंतीवरील घड्याळ आणि तीन तासांत उत्तरपत्रिका पूर्ण करण्याची धडपड. या चित्रात प्रश्न दुसऱ्या कोणीतरी तयार केलेले असतात आणि त्यांची उत्तरेही आधीच कोठेतरी ठरलेली असतात. विद्यार्थ्याने ती आठवून लिहायची, एवढीच अपेक्षा असते.

परंतु शालेय शिक्षण संपवून जगात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे छापील प्रश्नपत्रिका कोणी ठेवत नाही. तेथे प्रश्नच आपल्याला ओळखावा लागतो आणि त्याचे उत्तरही आपल्यालाच शोधावे लागते. मग या गोष्टीची परीक्षा शाळेने घ्यावी की नाही? जगातील अनेक देशांनी या प्रश्नाचे उत्तर 'घ्यावी' असे दिले आहे. तेथे उच्च माध्यमिक शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यावर विद्यार्थ्याला एक स्वतंत्र प्रकल्प करावा लागतो किंवा तसा तो करता येतो. हा प्रकल्प म्हणजे काय, तो कसा घडतो, त्याचा लाभ केव्हा होतो आणि तो निरर्थक केव्हा ठरतो, याची ओळख या पाठात आपण करून घेणार आहोत.

१. कारागिराची कसोटी

काम करून दाखवून आपली पात्रता सिद्ध करणे ही कल्पना नवी नाही. मध्ययुगीन युरोपात सुतार, सोनार, कुलूपकार अशा कारागिरांचे संघ असत. मुलगा लहान वयात एखाद्या उस्तादाकडे उमेदवारीला राही. पुढे काही वर्षे तो मजुरीने काम करी. स्वतः उस्ताद म्हणून संघात प्रवेश मिळवायचा असेल, तर अनेक संघांत त्याला एक वस्तू स्वतःच्या हाताने घडवून जाणत्या उस्तादांपुढे ठेवावी लागे. ते ती वस्तू बारकाईने पाहात आणि मगच आपला निर्णय देत. आज 'मास्टरपीस' हा शब्द आपण श्रेष्ठ कलाकृतीसाठी वापरतो, पण मुळात तो उस्तादपदाच्या या कसोटीचे नाव होता.

शाळा वाढल्या तशी ही रीत मागे पडली आणि लेखी परीक्षेला महत्त्व आले. लेखी परीक्षेचेही काही गुण आहेत. ती एकाच वेळी हजारो विद्यार्थ्यांची घेता येते आणि सर्वांना एकच मोजमाप लावता येते. तथापि, तिच्यात कितीतरी गोष्टी मोजल्याच जात नाहीत, ही उणीव शिक्षणतज्ज्ञांना जाणवत होती. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९१८ मध्ये 'प्रकल्प पद्धती' हा निबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याने हेतू मनात धरून, मनापासून केलेली कृती हाच शिक्षणाचा गाभा असावा, असा त्याचा आग्रह होता. त्यानंतर 'प्रकल्प' हा शब्द शिक्षणाच्या परिभाषेत रुळला.

२. मेडफर्डमधील आरंभ

अमेरिकेच्या पश्चिमेकडील ओरेगन राज्यात मेडफर्ड नावाचे शहर आहे. तेथील साउथ मेडफर्ड हायस्कूलमध्ये १९८६ मध्ये शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी 'सीनियर प्रोजेक्ट' सुरू झाला. हायस्कूलचे शेवटचे वर्ष हे पुष्कळदा आळसाचे वर्ष असते. पुढील प्रवेश निश्चित झालेला असतो किंवा शिक्षण सोडण्याचा निर्णय तरी झालेला असतो. अशा वेळी विद्यार्थ्याला काहीतरी अवघड आणि स्वतःचे करायला लावणे, हा या उपक्रमामागील विचार होता.

या प्रकल्पाचे तीन भाग असत. पहिला भाग म्हणजे विद्यार्थ्याने निवडलेल्या विषयावरील संशोधनपर निबंध. दुसरा भाग म्हणजे त्या विषयाशी निगडित प्रत्यक्ष कृती. म्हणजे एखादी वस्तू बनवणे, एखादे कौशल्य आत्मसात करणे किंवा एखादी सेवा देणे. तिसरा भाग म्हणजे परीक्षक मंडळापुढील सादरीकरण. या मंडळात शिक्षकांच्या जोडीला गावातील जाणकार नागरिकही बसत. विद्यार्थी आपले काम समजावून सांगे आणि नंतर त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देई. हा आराखडा पुढे अमेरिकेतील अनेक शाळांनी आपापल्या परीने स्वीकारला.

येथे कारागिरांच्या जुन्या कसोटीशी असलेले साम्य तुमच्या लक्षात आले असेल. स्वतः केलेले काम आहे आणि ते जाणत्या माणसांपुढे ठेवायचे आहे. फक्त त्याला वाचन आणि लेखन यांची जोड दिलेली आहे.

३. प्रकल्प कसा घडतो?

प्रकल्पाचे टप्पे नुसते पाठ करून समजत नाहीत. म्हणून एक उदाहरण घेऊ. मेडफर्ड शहर डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात वसले आहे. उन्हाळ्यात भोवतालच्या जंगलांना वणवे लागतात आणि धूर खोऱ्यात साचून राहतो. ८ सप्टेंबर २०२० रोजी लागलेल्या आगीत जवळच्या टॅलेंट आणि फीनिक्स या छोट्या गावांतील दोन हजारांहून अधिक घरे जळाली. समजा, याच खोऱ्यातील एका विद्यार्थिनीला आज असा प्रकल्प करावयाचा आहे. तिच्या धाकट्या भावाला दमा आहे. ती शिक्षकांना सांगते, "मी वायुप्रदूषणावर प्रकल्प करीन."

(अ) विषयाकडून प्रश्नाकडे : वायुप्रदूषण हा विषय झाला; तो प्रश्न नव्हे. विषयावर कितीही माहिती गोळा करता येते आणि ती कधीच पुरी होत नाही. प्रश्नाला मात्र उत्तर असते. मार्गदर्शक शिक्षक तिला विचारतात, "नेमके काय जाणून घ्यायचे आहे?" दोन-तीन बैठकांनंतर तिचा प्रश्न असा आकार घेतो : 'घरी बनवलेल्या गाळणीमुळे आमच्या घरातील एका खोलीतील धूर किती कमी होतो?' या प्रश्नात जागा ठरली, साधन ठरले आणि काय मोजायचे तेही ठरले. प्रकल्पाचे निम्मे यश अशा नेमक्या प्रश्नात असते.

(आ) वाचन : आता ती धुराविषयी वाचू लागते. वणव्याच्या धुरातील सर्वांत घातक भाग म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे कण, हे तिला समजते. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे याच्या तीसपट भरते. हे कण फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांसाठी चोवीस तासांच्या सरासरीची मार्गदर्शक मर्यादा एक घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम अशी दिली आहे. रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथाल यांच्या नावाने ओळखली जाणारी, २०२० मध्ये पुढे आलेली साधी गाळणी तिला माहीत होते. चार चौकोनी गाळण्या चार बाजूंना उभ्या करावयाच्या, खाली पुठ्ठा लावावयाचा, वर पेटीसारखा चौकोनी पंखा ठेवावयाचा आणि सर्व फटी चिकटपट्टीने बंद करावयाच्या. पंखा हवा ओढतो, हवा गाळण्यांतून आत येते आणि कण गाळण्यांत अडकतात.

(इ) कृती आणि नोंद : गाळणी बनवणे हे एका दुपारचे काम आहे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पहिल्या दिवशी ती गाळणी चालू करते, तासाभराने मोजते आणि कण कमी झालेले पाहून आनंदित होते. शिक्षक शांतपणे विचारतात, "त्याच वेळी बाहेरचा धूरही कमी झाला असेल तर?" या एका प्रश्नाने तिला प्रयोग नव्याने आखावा लागतो. ती दुसरे मापक घराबाहेर ठेवते. खोलीच्या खिडक्या बंद ठेवून आधी गाळणीविना, मग केवळ पंखा लावून आणि शेवटी गाळणीसह अशी तीन वेळा मोजणी करते. दर पाच मिनिटांनी आकडा लिहिते. एका दिवसावर विसंबून न राहता निरनिराळ्या दिवशी हाच क्रम पुन्हा करते.

एके दिवशी आकडे उतरत नाहीत. कारण शोधताना एका कोपऱ्यातील चिकटपट्टी सुटलेली आढळते. हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. त्यामुळे ती गाळणीतून न जाता त्या फटीतून आत शिरत होती. हा फसलेला दिवस ती वहीतून खोडून टाकत नाही. उलट, कारणासह नोंदवून ठेवते. पुढे तिच्या निबंधातील सर्वांत उपयुक्त परिच्छेद याच चुकीवर आधारलेला असेल; कारण ही गाळणी बनवणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला नेमकी तीच माहिती हवी असते.

(ई) लेखन आणि सादरीकरण : निबंधात ती आपला प्रश्न, वाचलेली माहिती, मोजणीची रीत, मिळालेले आकडे आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष क्रमाने मांडते. निष्कर्ष काढताना ती मर्यादाही सांगते. आपण एकाच खोलीत मोजले आहे, म्हणून सर्व घरांविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे ती मान्य करते. परीक्षकांपैकी एखादा तिला विचारतो, "भावाचा दमा यामुळे कमी झाला का?" ती उत्तर देते, "मी हवेतील कण मोजले आहेत, दमा मोजलेला नाही. त्यामुळे ते मला सांगता येणार नाही." जेवढे पाहिले तेवढेच म्हणणे, ही शिस्त या उत्तरात दिसते. पाठांतराने ती येत नाही.

पाठगत प्रश्न

१. 'विषय' आणि 'प्रश्न' यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. विद्यार्थिनीने दुसरे मापक घराबाहेर का ठेवले?

४. इतर देशांतील रूपे

अखेरच्या वर्षातील स्वतंत्र कामाची ही कल्पना निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रूपांत आढळते. जिनिव्हा येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या संस्थेच्या पदविका अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला एक विस्तृत निबंध लिहावा लागतो. त्याची मर्यादा ४,००० शब्दांची आहे. विद्यार्थी आपला प्रश्न स्वतः ठरवतो. मार्गदर्शक शिक्षक त्याला तीन ठरलेल्या वेळी भेटून त्याच्या विचारांची वाटचाल समजून घेतात; पण निबंध लिहून देत नाहीत किंवा पुन्हापुन्हा तपासूनही देत नाहीत. हा निबंध किमान दर्जाचा झाला नाही, तर इतर विषयांत चांगले गुण असूनही पदविका मिळत नाही. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये हाच अभ्यासक्रम शिकवला जातो. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत राहूनही विद्यार्थी असे निबंध लिहीत आहेत.

नेदरलँड्समध्ये उच्च शिक्षणाकडे जाणाऱ्या शाखांतील विद्यार्थ्यांना शेवटच्या टप्प्यावर सुमारे ८० तासांचा स्वतंत्र प्रकल्प करावा लागतो. इंग्लंडमध्ये २००८ पासून असा विस्तृत प्रकल्प देशभर उपलब्ध झाला. मात्र तेथे तो ऐच्छिक आहे. त्यासाठी १२० तास गृहीत धरलेले आहेत. विद्यार्थ्याने एक नोंदवही ठेवावयाची असते. कोणता विचार का सोडला, योजना केव्हा बदलली, मार्गदर्शकाने काय सुचवले, हे सर्व तिच्यात लिहावे लागते. परीक्षक अंतिम कामाइतकेच या वाटचालीकडेही लक्ष देतात.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील काही सार्वजनिक शाळांच्या संघाने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथील विद्यार्थी राज्याच्या बहुतेक लेखी परीक्षांऐवजी साहित्यावरील समीक्षात्मक निबंध, समाजशास्त्रातील संशोधन, विज्ञानातील प्रयोग आणि गणिताचे उपयोजन अशी कामे पूर्ण करतात आणि त्यांचे तोंडी समर्थन करतात. या ठिकाणी प्रकल्प हा परीक्षेचा पूरक भाग राहिला नाही; त्याने परीक्षेची जागा घेतली.

५. वॉशिंग्टन राज्याचा अनुभव

एवढे गुण असलेली गोष्ट सर्वांना सक्तीची का करू नये? ओरेगनला लागून असलेल्या वॉशिंग्टन राज्याने नेमके तेच करून पाहिले. तेथील राज्य शिक्षण मंडळाने २००० मध्ये शालान्त प्रमाणपत्रासाठी समारोप प्रकल्पाची अट घातली. ती २००८ मध्ये उत्तीर्ण होणाऱ्या तुकडीपासून लागू झाली. प्रकल्पाचे स्वरूप कसे असावे हे मात्र प्रत्येक शालेय जिल्ह्याने ठरवावयाचे होते. २०१४ मध्ये राज्याने नवा कायदा केला, शालान्त प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या विषयांची अपेक्षा वाढवली आणि २०१५ च्या तुकडीपासून प्रकल्पाची राज्यव्यापी सक्ती काढून टाकली. ज्या जिल्ह्यांना तो चालू ठेवावासा वाटला, त्यांना तशी मोकळीक राहिली.

सात वर्षांच्या या अनुभवातून प्रकल्प वाईट ठरला असे म्हणता येणार नाही. परंतु सक्तीबरोबर येणाऱ्या अडचणींचा विचार करायला तो आपल्याला भाग पाडतो. पहिली अडचण मार्गदर्शनाची आहे. एका शिक्षकाकडे दहा विद्यार्थी असतील, तर तो प्रत्येकाला प्रश्न विचारू शकतो. शंभर असतील, तर तो केवळ अर्ज तपासतो आणि सह्या करतो. दुसरी अडचण विषमतेची आहे. ज्याच्या घरी पुस्तके, पैसा आणि ओळखी आहेत त्याचा प्रकल्प देखणा होतो. जो शाळा सुटल्यावर दुकानात काम करतो किंवा धाकट्या भावंडांना सांभाळतो, त्याच्याकडे मुळात वेळच नसतो. तिसरी अडचण मोजमापाची आहे. एका जिल्ह्यात महिन्याभराचे कष्ट अपेक्षित असतात, तर दुसऱ्यात चार पाने पुरतात. आणि दोघांनाही प्रमाणपत्र मात्र सारखेच मिळते.

अट घालणे सोपे असते. अटीमागचा हेतू जिवंत ठेवणे कठीण असते. मार्गदर्शक, वेळ आणि ऐकून घेणारी माणसे या तीन गोष्टी पुरवल्या नाहीत, तर उत्तम कल्पनाही केवळ एक रकाना भरण्यापुरती उरते.

६. विकतचा प्रकल्प

हा धोका आपल्याला दूर देशातच शोधण्याचे कारण नाही. आपल्याकडील शाळांतही विविध विषयांसाठी प्रकल्प करावे लागतात, आणि शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस शालेय वस्तूंच्या दुकानांत तयार प्रकल्प विकत मिळतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. प्रस्तुत लेखकाने एकदा प्रकल्पवह्या तपासताना पाणीटंचाईवरील दोन वह्या शेजारी शेजारी पाहिल्या. अक्षर निराळे होते, मजकूर मात्र शब्दशः एकच होता. त्यांपैकी एका वहीत 'येथे आपल्या गावाचे नाव लिहावे' ही सूचनादेखील सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती. त्या मुलाच्या वस्तीत एक दिवसाआड टँकरने पाणी येत असे, हे नंतर बोलताना कळले. पाणी आणण्यासाठी तो स्वतः रांगेत उभा राहात असे. कोणत्याही पुस्तकात नसलेली माहिती त्याच्यापाशी होती. पण ती प्रकल्पात लिहिण्याच्या योग्यतेची आहे, असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आता तर दुकानापर्यंत जाण्याचीही गरज उरलेली नाही. संगणकाला किंवा हातातील मोबाइलला विचारले की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणत्याही विषयावरील नीटनेटका निबंध क्षणात मिळतो. वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये अशा साधनांवर बंदी न घालण्याची भूमिका घेतली. मात्र त्यांच्याकडून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देता येणार नाही, त्याचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे, असे सांगितले. साधन वापरावे की नाही, हा प्रश्न यापुढेही चर्चेत राहील. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. ते यंत्र त्या मुलाबरोबर टँकरच्या रांगेत उभे राहिलेले नाही. किती हंडे भरले, किती जण रिकाम्या हाताने परतले, हे मोजलेले त्याला माहीत नाही. म्हणून तयार मजकूर जितका स्वस्त होत जाईल, तितके स्वतः पाहून, मोजून, विचारून मिळवलेल्या माहितीचे मोल वाढत जाईल.

७. हातांना असलेले ज्ञान

हा पाठ वाचणाऱ्यांपैकी अनेक जण नियमित शाळेत गेलेले नाहीत किंवा काही कारणाने त्यांना शाळा सोडावी लागली. कोणी शिवणकाम करते, कोणी गवंडीकाम करते, कोणी रिक्षा चालवते, कोणी घर सांभाळते. 'आम्हाला शिक्षण नाही, आम्हाला काय येते?' असे शब्द अशा विद्यार्थ्यांच्या तोंडून वारंवार ऐकू येतात. ही समजूत खरी नाही. काम करणाऱ्या हातांना पुष्कळ ज्ञान असते. केवळ त्याला प्रश्नाचे, पुराव्याचे आणि शब्दांचे रूप मिळालेले नसते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला. त्यातून 'नई तालीम' उभी राहिली. हातांचे काम आणि बुद्धीचे काम वेगळे मानू नये, हा तिचा आग्रह होता. स्वतंत्र प्रकल्पाची कल्पना त्या आग्रहाच्या अगदी जवळची आहे.

बडोद्यात हातगाडीवर भाजी विकणाऱ्या एका ताईंचे उदाहरण कल्पनेने घेऊ. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत पालक कोमेजतो आणि काही जुड्या टाकून द्याव्या लागतात, हे त्यांना ठाऊक आहे. त्या भाजीवर ओले गोणपाट झाकतात. पण त्याने नेमका किती फरक पडतो? येथे एक प्रकल्प दडलेला आहे. सकाळी सारख्या वजनाचे दोन ढीग करावे. एकावर ओले गोणपाट घालावे, दुसरा सावलीत तसाच ठेवावा. संध्याकाळी दोन्हींतील खराब पाने निवडून मोजावीत. पंधरा दिवस ही नोंद ठेवावी.

यात एक फसवी जागा आहे. संध्याकाळी संपूर्ण ढिगाचे वजन केले, तर गोणपाटाखालील पालक जड भरेल. कारण त्यात पाणी शिरलेले असेल. ते पाण्याचे वजन आहे, वाचलेल्या भाजीचे नव्हे. म्हणून ढीग न तोलता खराब पाने वेगळी करावी लागतात. ही पानेदेखील वाळवून किंवा निदान झटकून मगच तोलावीत. अशी अडचण आधीच ओळखणे आणि तिच्यावर उपाय शोधणे, यालाच शास्त्रीय दृष्टी म्हणतात. तिच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तराजू, वही आणि प्रामाणिकपणा एवढे पुरते. आणि पंधरा दिवसांनंतर गोणपाटाने फारसा फरक पडत नाही असे आढळले, तरी तो प्रकल्प फसला असे समजू नये. तेही उत्तरच आहे.

तुम्ही ज्या अभ्यासक्रमात शिकत आहात त्यात असा प्रकल्प सक्तीचा असो वा नसो, तो एकदा अवश्य करून पाहा. प्रश्न लहान निवडा. तुमच्या रोजच्या वाटेवर त्याचे उत्तर शोधता येईल असा निवडा. नोंदी त्याच दिवशी लिहा. आठवणीवर विसंबू नका. माहिती दुसऱ्याकडून घेतली असेल, तर त्याचे नाव सांगा. काम पूर्ण झाल्यावर ते चार जणांपुढे मोठ्याने मांडा. ऐकणारे शेजारी असतील, सहकारी असतील किंवा अभ्यासकेंद्रातील वर्गमित्र असतील. त्यांनी प्रश्न विचारले तर राग मानू नका. प्रश्न विचारले जाणे, ही आपल्या कामाला मिळालेली दाद असते.

प्रमाणपत्रावरील गुण काही वर्षांनी कोणी विचारत नाही. परंतु आपण स्वतः एक प्रश्न शोधला, त्याचा पाठपुरावा केला आणि लोकांसमोर उभे राहून 'मला हे असे आढळले' असे सांगितले, हा अनुभव माणसाबरोबर राहतो. पुढे रुग्णालयात, बँकेत किंवा ग्रामसभेत प्रश्न विचारण्याची वेळ येते, तेव्हा तोच आवाज कामी येतो.

तुम्ही काय शिकलात?

• स्वतंत्र प्रकल्पात प्रश्न विद्यार्थ्याचा स्वतःचा असतो आणि त्याचे उत्तर पुराव्यावर आधारलेले असते.
• संशोधनपर लेखन, प्रत्यक्ष कृती आणि सादरीकरण हे त्याचे मुख्य भाग होत.
• चूक लपवण्यापेक्षा ती कारणासह नोंदवणे अधिक मोलाचे असते.
• मार्गदर्शक, वेळ आणि श्रोते नसतील, तर प्रकल्पाची सक्ती निष्फळ ठरते.
• रोजच्या कामातील अनुभव हे ज्ञानच असते. त्याला प्रश्नाचे आणि नोंदीचे रूप द्यावे लागते.

शब्दार्थ

उमेदवारी – काम शिकण्याचा काळ. उस्ताद – कामात निष्णात कारागीर. समर्थन – आपल्या म्हणण्याच्या बाजूने कारणे देणे. ऐच्छिक – इच्छेनुसार घ्यावयाचा. विषमता – असमानता. उपयोजन – प्रत्यक्ष वापर. गोणपाट – तागाचे जाड कापड.

स्वाध्याय

१. कारागिरांची जुनी कसोटी आणि सीनियर प्रोजेक्ट यांतील साम्य व फरक लिहा.
२. वॉशिंग्टन राज्याच्या अनुभवावरून प्रकल्पाच्या सक्तीपुढील कोणत्या अडचणींचा विचार करावा लागतो?
३. 'मी हवेतील कण मोजले आहेत, दमा मोजलेला नाही.' या उत्तरातून विद्यार्थिनीचा कोणता गुण दिसतो? सात-आठ ओळींत लिहा.
४. पालकाचा संपूर्ण ढीग तोलणे चुकीचे का ठरेल?
५. तुमच्या कामातून किंवा घरातून एक विषय निवडा. त्यातून उत्तर शोधता येईल असा एक नेमका प्रश्न तयार करा. तुम्ही काय मोजाल, किती दिवस मोजाल आणि कोणाला सांगाल, ते लिहा.